भाजणं थांबवणारा डबा

घरी कॉफी भाजणारी माणसं आचेबद्दल तासन्‌तास बोलू शकतात. कढई लोखंडी हवी की जाड बुडाची ॲल्युमिनियमची, पॉपकॉर्नच्या यंत्रात एका वेळी किती दाणे घालावेत, हीट गन किती अंतरावर धरावी, फर्स्ट क्रॅकनंतर, म्हणजे दाण्यांच्या पहिल्या तडतडीनंतर, गॅस किती बारीक करावा, यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. गॅस बंद केल्यानंतर काय करायचं, हा विषय मात्र एका वाक्यात संपतो: ताटात पसरा आणि पंख्याखाली ठेवा. घरगुती भाजणीतला सर्वांत मोठा घोळ इथेच होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आचेवर पंधरा मिनिटं डोळ्यात तेल घालून सांभाळलेली चव पुढच्या तीन मिनिटांत हातातून निसटते, आणि दोष मात्र कढईला किंवा चिकमगळूरच्या मळ्याला दिला जातो.

शेंगदाणे भाजणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. गॅस बंद करून दाणे कढईतच राहिले की थोड्या वेळाने आतून करपट लागतात, म्हणून ते लगेच परातीत ओततात. कॉफीचा न्याय तोच आहे. फक्त तापमान बरंच जास्त, आणि बिघाड व्हायला लागणारा वेळ बराच कमी.

दाण्याचं तापमान १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की फर्स्ट क्रॅकची तडतड सुरू होते, आणि २२४च्या आसपास सेकंड क्रॅकची. थर्मामीटरचं टोक नेमकं कुठे आहे यावर हे आकडे चार-पाच अंश इकडेतिकडे होतात. मीडियमपासून डार्कपर्यंतचा जवळजवळ सगळा प्रवास या मधल्या अठ्ठावीस अंशांत होतो आणि घरच्या आचेवर तो काही मिनिटांत उरकतो. तेव्हा अर्ध्या मिनिटाचा उशीर ही किरकोळ गोष्ट नाही. शिवाय या टप्प्यावर दाणा नुसता बाहेरून उष्णता घेत नसतो, त्याच्या आत चाललेल्या क्रियांमधूनही थोडी उष्णता सुटत असते. ढीग करून ठेवलेले गरम दाणे एकमेकांना गरम ठेवतात. ढिगाच्या मधल्या दाण्यांचा रंग कडेच्या दाण्यांपेक्षा गडद दिसतो तो त्यामुळेच. शंभर-सव्वाशे अंशांच्या खाली उतरल्यावर मात्र भाजण्याच्या क्रिया जवळपास थांबतात. तिथून पुढे खोलीच्या तापमानाला यायला दोन मिनिटं जास्त लागली तरी कपात फारसं काही बदलत नाही.

म्हणून कूलरची, म्हणजे भाजलेले दाणे थंड करणाऱ्या साधनाची, खरी परीक्षा पहिल्या मिनिटातच होते. दोनशे-सव्वादोनशे अंशांवरून शंभराच्या खाली किती पटकन येता, एवढंच बघायचं.

ताट आणि सीलिंग फॅन इथे कमी का पडतात? ताटाला भोकं नसतात. वारा ढिगाच्या वरून निघून जातो, खालचे दाणे तापलेल्या स्टीलला चिकटून बसतात आणि त्यांच्यामध्ये अडकलेली गरम हवा तिथेच राहते. वारा दाण्यांवरून जाऊन उपयोग नाही, तो दाण्यांमधून गेला पाहिजे. या लेखातला बाकीचा सगळा खटाटोप एवढ्या एका वाक्यासाठी आहे.

हे साधायचा सर्वांत साधा मार्ग प्रत्येक घरात आहे: दोन चाळण्या आणि एक टेबल फॅन. पंख्यासमोर एका चाळणीतून दुसरीत, हातभर उंचीवरून, दाणे ओतत राहायचे. खाली पडताना दाणे सुटे होतात आणि प्रत्येकाला चहूबाजूंनी वारा लागतो, फोलपटंही धान्य उफणावं तशी उडून जातात. शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत ही पद्धत खरोखर चांगली आहे आणि तिला कमी लेखायचं कारण नाही. अडचण दोन ठिकाणी येते. माल वाढला की एकेका दाण्याच्या वाट्याला हवेत राहण्याचा वेळ कमी येतो. दुसरं, उडालेली फोलपटं कुठे जातात हा प्रश्न ठाण्या-नवी मुंबईच्या इमारतींत लहान नाही. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीत हा प्रयोग केला, तर फोलपटं तेराव्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसतात. टेबल फॅन आडवा ठेवून त्यावर चाळण ठेवण्याचा मार्गही दिसायला सोपा वाटतो, पण टेबल फॅनमध्ये हवा ढकलण्याचा जोर नसतो. समोर अडथळा आला की वारा सरळ बाजूने निघून जातो.

तेव्हा वारा खाली ओढणारा डबा बनवावा हे बरं. वर चाळण, चाळणीत दाणे, खाली बंद डबा आणि डब्याच्या कुशीत बाहेर हवा फेकणारा पंखा. हवा वरून आत शिरते, दाण्यांमधून खाली जाते, फोलपटं डब्यातच राहतात आणि धूर नेमक्या एका तोंडातून बाहेर पडतो. खालून वर फुंकणाऱ्या रचनेत हे जमत नाही. तिथे फोलपटं घरभर होतात, आणि वारा जरा जोरात असला की हलके दाणेही उड्या मारतात.

आधी थोडं गणित करू, कारण पंखा निवडताना बहुतेक जण इथेच फसतात. कच्चे दाणे २५० ग्रॅम घेतले तर मीडियम भाजणीत पंधरा-सोळा टक्के वजन घटून साधारण २१० ग्रॅम हातात येतात, आणि फुगल्यामुळे त्यांचं आकारमान अंदाजे ६०० मिलिलिटर होतं. २१५ अंशांवरून चाळिशीपर्यंत उतरताना एवढे दाणे ढोबळमानाने ६० किलोज्यूल उष्णता सोडतात. एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सव्वा किलोज्यूलच्या आतच उष्णता लागते. दाण्यांमधून जाताना हवा सरासरी चाळीस अंशांनी तापली असं धरलं, तर दीड घनमीटरपेक्षाही कमी हवा पुरते. आकडा फार लहान आहे! कुठलाही बरा पंखा एवढी हवा एका मिनिटात हलवतो, मोकळ्यावर.

अडचण त्या ‘मोकळ्यावर’ शब्दात आहे. २२ सेंटीमीटर व्यासाच्या चाळणीत ६०० मिलिलिटर दाणे पसरले की दीड सेंटीमीटरहून थोडा जास्त जाडीचा थर होतो. त्यातून सेकंदाला एक मीटर वेगाने हवा ओढायची तर पाण्याच्या साडेतीन मिलिमीटर स्तंभाइतका दाब पडतो, तोही नुसत्या दाण्यांचा. जाळीचा आणि डब्यातल्या वळणांचा दाब वेगळा. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला साधा १२० मिलिमीटरचा पंखा हवा पूर्ण अडवली तरी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा दाब देतो. दाण्यांवर बसवला की तो फिरताना दिसतो, आवाजही करतो, पण हवा एक तृतीयांशावर आलेली असते. असे दोन पंखे एकावर एक लावले की दाब वाढतो, म्हणून शंभर-दीडशे ग्रॅमसाठी आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं असेल तर ती जोडी चालून जाते.

माझी पसंती मात्र पॅनल फॅनला आहे. कारखान्यांतल्या कंट्रोल पॅनलना थंड ठेवायला लावतात तो २३० व्होल्टचा, १२० मिलिमीटर चौरस, ३८ मिलिमीटर जाड, ॲल्युमिनियमच्या चौकटीचा पंखा. वीस-बावीस वॅट वीज घेतो, मोकळ्यावर मिनिटाला अडीच घनमीटरच्या पुढे हवा देतो आणि सात मिलिमीटरच्या आसपास दाब पेलतो. भरलेल्या चाळणीतून त्यातली थोडी अधिक निम्मी हवा गेली तरी आपलं काम होतं. वागळे इस्टेटच्या किंवा महापे-रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांना इलेक्ट्रिकलचा माल पुरवणाऱ्या दुकानांत तो मिळतो. ‘चार इंची पॅनल फॅन’ म्हटलं की दुकानदाराला कळतं, पण चौकटीची जाडी स्वतः मोजून घ्यावी, कारण त्याच तोंडाचे पातळ पंखेही असतात आणि त्यांचा जोर कमी असतो. पाती धातूची मिळाली तर उत्तम. प्लास्टिकची असली तरी पहिल्या अर्ध्या मिनिटाची ऊब सोसते, फक्त पंखा चाळणीच्या अगदी खाली बसवू नये.

व्हॅक्युम क्लीनर जोडणारेही पुष्कळ आहेत. त्याच्या ओढीचा जोर पंख्याच्या शेकडो पट असतो, त्यामुळे जाड थरही तो सहज ओढतो. पण त्याची मोटर त्याच हवेने थंड होते, आणि तिला आपण तापलेली हवा पाजतो. शिवाय फोलपटं पिशवीत जाऊन पडतात. त्यातल्या एखाद्यात धग राहिली तर वाऱ्याच्या झोतात ती फुलते. माझ्या मते हा मार्ग टाळावा.

आता डबा. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा या कामासाठीच घडवल्यासारखा आहे: साधारण साडेतेवीस सेंटीमीटर चौरस, पस्तीस सेंटीमीटर उंच, सपाट बाजूंचा, त्यामुळे चौकोनी पंखा त्यावर नीट बसतो. जांभळी नाक्याच्या बाजारात, फरसाणवाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे तो सहज मिळतो. खाद्यतेलाचाच घ्यावा. रंगाचा, रॉकेलचा किंवा रसायनाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नये. प्लास्टिकची वीस लिटरची बादलीही नको, कारण पहिल्या काही सेकंदांत दाण्यांखालून निघणारी हवा शंभर अंशांच्या वर असते, आणि बादलीचं तोंड नेमकं तिथे मऊ पडतं. तेलाचा डबा धुण्याच्या सोड्याने, उकळत्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून धुवावा आणि उन्हात वाळवावा. सांध्यांच्या घड्यांमध्ये तेल राहतं आणि ते खवट झालं की तो वास ऊब लागताच वर येतो.

वरच्या पत्र्यावर चाळणीच्या बुडाएवढं वर्तुळ आखावं, आणि त्याच्या आत दुसरं, लहान. कापायचं ते लहान वर्तुळ, म्हणजे मधल्या कडेवर चाळण टेकते. ही कड किती ठेवायची? हात सहज एक सेंटीमीटरकडे जातो. पण २२ सेंटीमीटरच्या चाळणीला चहूबाजूंनी एक सेंटीमीटर कड ठेवली तर १७ टक्के क्षेत्रफळ झाकलं जातं. तिथल्या दाण्यांखालून हवाच जात नाही आणि थंड दाण्यांभोवती गरम दाण्यांचं कडं तयार होतं. अर्धा सेंटीमीटर ठेवली तर तेच नुकसान ९ टक्क्यांवर येतं. चाळणीची जाळी बुडापासून थोडी वर बसवलेली असेल तर हा त्रास आणखी कमी होतो.

चाळणीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. पत्र्याला भोकं पाडलेली आणि तारेच्या जाळीची, असे दोन प्रकार असतात. भोकांच्या चाळणीत हवेसाठी मोकळी जागा आपल्याला वाटते त्याहून खूप कमी असते. ३ मिलिमीटरची भोकं ५ मिलिमीटर अंतरावर, एकाआड एक ओळीत असतील तर मोकळी जागा जेमतेम ३३ टक्के. २ मिलिमीटरची भोकं ४ मिलिमीटरवर असतील तर २३ टक्क्यांच्या आत. तारेची जाळी निम्म्याहून अधिक मोकळी असू शकते. जाळ्या बदलता येणारी स्टीलची चाळण मिळते, तिच्यातली सर्वांत मोठ्या घरांची, डाळी-गव्हाची जाळी आपल्या कामाची. घर अडीच ते चार मिलिमीटरचं असावं. प्लांटेशन ए या धुतलेल्या अरेबिकाच्या प्रतीचा कच्चा दाणाच साडेसहा मिलिमीटरच्या पुढचा असतो आणि भाजल्यावर आणखी फुगतो, त्यामुळे तो पडण्याची भीती नाही. फोलपटं आणि तुटके कण मात्र खाली जातात, आणि तेच हवं आहे. तारा काढून दुरुस्त केलेली, प्लास्टिकच्या कडेची चाळण घेऊ नये.

पंख्याचं भोक डब्याच्या एका बाजूला, मध्यापासून किंचित वर. अगदी तळाशी केलं तर साचलेली फोलपटं पंख्यात शिरतात. चाळणीच्या जवळ केलं तर पंख्याच्या बाजूचे दाणे आधी थंड होतात आणि समोरचे गरम राहतात. पंख्याची वरची कड चाळणीपासून किमान दहा सेंटीमीटर खाली असावी. भोकाचा व्यास ११५ मिलिमीटर, आणि चार कोपऱ्यांतल्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर. आखलेल्या वर्तुळावर ओळीने बारीक छिद्रं पाडून, मग पत्रा कापायच्या कात्रीने जोडत गेलं की भोक नीट निघतं. कापलेला पत्रा ब्लेडसारखा असतो, त्यामुळे हातमोजे घालावेत आणि कडांना कानशीने मारून वर चिरलेली रबरी नळी चढवावी. डब्याचा पत्रा पातळ असल्याने पंखा सुरू होताच तो खडखडतो. म्हणून पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये मधोमध तेवढंच भोक पाडलेला बारा मिलिमीटर प्लायवुडचा चौकोन घालावा आणि ४ मिलिमीटरच्या बोल्टांखाली रबरी वायसर द्यावेत. पंख्याच्या चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो डब्याबाहेर रोखलेला हवा. उलटा बसला तर पहिल्याच घाण्याला फोलपटांचा फवारा छतापर्यंत जातो.

वायर तीन तारांची घ्यावी आणि अर्थची तार पंख्याच्या चौकटीला तसंच डब्याच्या पत्र्यालाही बोल्टने पक्की करावी. वायर पत्र्यातून जात असेल तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारं कडं, हवंच, नाहीतर थरथरीने पत्रा वायरची साल कापतो. बाहेरून पंख्याला जाळी लावावी. घराच्या बोर्डावर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असेल त्याच लाइनवर हे चालवावं.

आता गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी. या डब्याचा सर्वांत सुंदर भाग मला तोच वाटतो. चाळण आणि डबा यांच्यामधल्या फटीतून हवा आत शिरली की ती दाण्यांच्या वाटेला जातच नाही, कारण हवेला सोपी वाट मिळालेली असते. दोन मिलिमीटरची फट सगळ्या घेराला असली, तर ती मिळून चौदाएक चौरस सेंटीमीटरचं भगदाड होतं. फोमची पट्टी ऊब लागून आक्रसते. त्याऐवजी जास्त तापमान सोसणारं, गाड्यांच्या इंजिनाला वापरतात ते लाल आरटीव्ही सिलिकॉन घ्यावं. डब्याच्या कडेवर त्याची बोटाच्या अर्ध्या जाडीची सलग वळी घालावी. तिच्यावर बटर पेपर अंथरावा. त्यावर चाळण अलगद ठेवावी, दाबायची नाही, तिच्या वजनानेच वळी बसू द्यायची, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे खाडीकाठच्या आपल्या हवेत ते कधी रखडत नाही. दुसऱ्या दिवशी बटर पेपर सोलून काढला की चाळणीच्या बुडाचा हुबेहूब ठसा उमटलेला दिसतो, तिच्यातला पोचा आणि वाकलेली कड धरून. चाळणीवर आणि डब्यावर एकेक खूण करून ठेवावी, म्हणजे दर वेळी ती त्याच जागी बसते. सुरुवातीला व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, दोन-तीन दिवस तरी, डबा उघडा ठेवावा.

फोलपटांसाठी पंख्यावर थेट जाळी लावायची चूक फार सर्रास होते. शंभर-सव्वाशे चौरस सेंटीमीटरचं ते तोंड एका घाण्यातच बंद होतं आणि मग दाणे थंड का होत नाहीत ते कळत नाही. त्यापेक्षा डब्याच्या आत, पंख्याच्या भिंतीपासून सहा-सात सेंटीमीटर अंतरावर, स्टीलच्या मच्छरजाळीचा उभा पडदा बसवावा. तो तेवीस बाय पंचवीस सेंटीमीटरचा होतो, म्हणजे पंख्याच्या तोंडाच्या पाचपट. एवढ्या पसरट जाळीवर हवेचा वेग कमी असतो, त्यामुळे बरीचशी फोलपटं जाळीला न चिकटता तळाशीच बसतात. पडद्याच्या वरून किंवा कडेने हवेला पळवाट राहू देऊ नये. ॲल्युमिनियम फॉइलची टेप तिथे छान बसते.

डबा तयार झाला की आधी उदबत्ती लावावी. पंखा सुरू करून ती गॅस्केटभोवती, डब्याच्या सांध्यांभोवती, पंख्याच्या चौकटीभोवती हळूहळू फिरवावी. जिथे धुराची रेघ आत वळते तिथे फट आहे. मग चाळणीत पाव किलो कच्चे दाणे पसरून तीच उदबत्ती त्यांच्यावर फिरवावी. धूर सगळीकडे सारखा खाली ओढला गेला पाहिजे. एका बाजूला जास्त ओढ दिसली तर तिथला थर पातळ आहे किंवा पंखा जास्त वर बसला आहे. दहा मिनिटांची ही तपासणी पुढचे पुष्कळ घाणे वाचवते.

वापरताना पंखा आधी, दाणे नंतर. दाणे ओतून मग बटण शोधण्यात पहिलं मिनिट जातं, आणि आपला सगळा जीव त्याच मिनिटात आहे. दाणे ओतताच लाकडी उलथन्याने सपाट करावेत. ढीग तसाच राहिला तर हवा कडेच्या पातळ थरातून निघून जाते आणि मधला ढीग आपलाच तापत राहतो. मग दर दहा-पंधरा सेकंदांनी कडेचे दाणे मध्ये आणि खालचे वर, असं ढवळत राहावं. खालचे वर करायचं कारण आहे. हवा वरून येते, तेव्हा वरच्या दाण्यांना ताजी गार हवा मिळते आणि खालच्यांना त्यांची उष्णता घेऊन आलेली. याच कारणाने इन्फ्रारेड थर्मामीटर वरून रोखला की तो हमखास फसवतो, कारण त्याला दिसतात ते सर्वांत गार दाणे. ढवळून मग मोजावं. आतला गाभा निवला की नाही हे बघायला पंखा वीस सेकंद बंद करून पुन्हा मोजावं. आकडा तीन-चार अंशांहून जास्त वर चढला, तर अजून एक मिनिट हवं.

सगळं जुळून आलं की पाव किलोचा घाणा मिनिटभरात शंभराच्या खाली आणि दोन ते तीन मिनिटांत चाळिशीच्या आसपास येतो. चार मिनिटं उलटूनही दाणे हाताला चटका देत असतील तर पंख्याला दोष देण्याआधी मच्छरजाळीचा पडदा बघावा, मग गॅस्केट, मग थराची जाडी. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते: पंख्यातून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा चाळणीवर येते. तोंड मोकळ्या बाजूला करावं. खिडकीबाहेर न्यायचं असेल तर चिमणीला लावतात तसा लवचिक ॲल्युमिनियमचा पाइप मीटरभराच्या आत ठेवावा, कारण पाइप लांबला की हवा कमी झालीच.

ठाण्यातल्या मे महिन्याची फार धास्ती घ्यायचं कारण नाही. जानेवारीच्या सकाळी बाहेर २४ अंश आणि मे महिन्याच्या दुपारी ३४ अंश धरले, तर ३८ अंशांपर्यंत उतरायला मे महिन्यात जवळपास दीडपट वेळ लागतो, म्हणजे दोन मिनिटांऐवजी तीन. पण दोनशेवरून शंभरावर यायला लागणारा वेळ जेमतेम दहा टक्क्यांनी वाढतो. ज्या टप्प्यात चव ठरते तिथे उन्हाळा जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. बर्फाची पिशवी, ओला पडदा, एसीच्या झोतापुढे डबा धरणं, या युक्त्यांची गरज नाही. बर्फाने तर दाण्यांवर दव धरतं. मोठे कारखाने भट्टीतच पाण्याचा फवारा मारतात खरं, पण तिथे पाणी मोजून, सगळं वाफ होऊन जाईल इतकंच सोडलेलं असतं. घरच्या फवाऱ्यात तो नेम नसतो, आणि दाण्यात राहिलेलं पाणी त्याला लवकर शिळं करतं.

जपायचं ते जुलैला. भाजलेल्या दाण्यात एक-दोन टक्केच ओलावा उरलेला असतो आणि तो हवेतला ओलावा शोषायला टपलेला असतो. पावसात इथली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर जाते. दाणे गरम असेपर्यंत भीती नाही, कारण त्यांना लागून जाणारी हवा तापते आणि तापलेली हवा कोरडी होते. ३० अंशांची, ८८ टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांवर गेली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नाशीला येते. दाणे खोलीइतके थंड झाल्यावरही पंखा चालू राहिला, तर मात्र आपण तीच ८८ टक्क्यांची हवा मिनिटाला दीड घनमीटर या वेगाने त्यांच्यातून ओढत बसतो. म्हणून पावसाळ्यात ४० अंशांना पंखा बंद करावा, दाणे लगेच कोरड्या बरणीत भरावेत आणि आतला वायू बाहेर पडावा म्हणून झाकण पहिल्या दिवशी किंचित सैल ठेवावं. ‘अगदी गार होऊ दे’ म्हणून डबा चालू ठेवून दुसऱ्या कामाला लागणं हे पावसाळ्यातलं खरं नुकसान.

दाण्यादाण्यातही फरक आहे. धुतलेल्या प्लांटेशन प्रतीपेक्षा फळासकट वाळवलेल्या चेरी प्रतीची फोलपटं कितीतरी जास्त निघतात, त्यामुळे तिच्या प्रत्येक घाण्यानंतर पडदा झटकावा. पावसाळी दमट वाऱ्यात मुरवलेल्या मान्सून्ड मलबारचा दाणा मुळातच फुगलेला आणि हलका असतो. तेवढ्याच वजनाचा थर जाड होतो, म्हणून पाव किलोऐवजी दोनशे ग्रॅम घ्यावेत. पीबी म्हणजे गोल दाणा घट्ट बसतो आणि उलथन्याखाली घरंगळतो, तो जरा जास्त वेळा ढवळावा लागतो. फिल्टर कॉफीसाठी डार्क भाजणाऱ्यांच्या दाण्यांवर तेल येतं. ते जाळीवर बसतं, त्यावर फोलपटांची पूड चिकटते, आणि महिनाभरात जाळीची घरं निम्मी होतात. चाळण आणि पडदा गरम पाणी व सोड्यात भिजवून ब्रशने घासले की पुन्हा मोकळे होतात.

आगीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कढईत दाणे किंवा फोलपटं लालसर धगधगताना दिसली तर ती या डब्यात ओतू नयेत, कारण हा डबा म्हणजे वाऱ्याचा भाता आहे. गॅस बंद करून कढईवर घट्ट झाकण ठेवावं आणि हवा तोडावी. प्रत्येक घाण्यानंतर डबा उलटा करून तळाची फोलपटं काढून टाकावीत. त्यावर दुसरा गरम घाणा घेऊ नये. ही फोलपटं कुंडीतल्या मातीत चांगली मिसळतात.

अर्धा किलोचे घाणे घ्यायचे असतील तर याच चाळणीत दुप्पट माल ओतण्याचा मोह टाळावा. थर तीन सेंटीमीटरच्या वर जातो, दाब दुप्पट होतो आणि पंख्याची हवा नेमकी गरज असते तेव्हा आटते. त्यापेक्षा ३० सेंटीमीटरची चाळण घ्यावी. तिचं क्षेत्रफळ २२ सेंटीमीटरच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून थराची जाडी तीच राहते. हवा मात्र दुप्पट लागते, तेव्हा तसेच दोन पॅनल फॅन शेजारी-शेजारी बसवावेत, एकामागे एक नाही. एकामागे एक लावल्याने दाब वाढतो, शेजारी लावल्याने हवा वाढते, आणि इथे हवाच कमी पडत असते. तेलाचा डबा एवढ्या चाळणीला पुरत नाही. भांड्यांच्या दुकानातला ३२ सेंटीमीटर तोंडाचा ॲल्युमिनियमचा टोप उपडा न करता तसाच घ्यावा, तोंडावर पत्र्याचं कडं बसवावं आणि पंख्यांची भोकं गोल पोटावर न पाडता तिथे आधी लाकडी सपाट चौकट घट्ट करून मग कापावीत. नाहीतर चौकोनी पंखा गोल भिंतीवर कधीच नीट टेकत नाही आणि उदबत्तीचा धूर चारही कोपऱ्यांतून आत वळतो.